डेबियन १२: एक्झिमवर पोस्टफिक्स जबरदस्तीने बसवले, आता स्कॅनरचे मेल जातात पण क्रॉनचे येत नाहीत

कारकून४२ यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली चालवणारा एक लहान सर्व्हर आहे. मेलच्या बाबतीत त्याच्याकडे दोनच कामे आहेत. रात्रीचा बॅकअप आणि क्रॉनमधील (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या कार्यक्रमातील) इतर कामे यांचे अहवाल त्याने मला पाठवायचे, आणि कार्यालयातील दोन स्कॅनर यंत्रे जी कागदपत्रे पाठवतात ती पोर्ट २५ वर, म्हणजे मेल स्वीकारण्याच्या ठरलेल्या दारावर, स्वीकारून आमच्या बाहेरील मेल सेवेमार्फत पुढे धाडायची. सर्व्हर उभारला तेव्हापासून त्यावर एक्झिम हा मेल सर्व्हर आहे आणि त्याची तक्रार अशी कधीच नव्हती. परंतु आता देखभालीत मला मदत करणाऱ्या सहकाऱ्याला पोस्टफिक्स या दुसऱ्या मेल सर्व्हरची सवय असल्यामुळे तेच वापरावे असे आम्ही ठरवले.

'ॲप्ट इन्स्टॉल पोस्टफिक्स' असे लिहिल्यावर ॲप्टने, म्हणजे डेबियनच्या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने, एक्झिमची चारही पॅकेजे काढून टाकण्याचा प्रस्ताव समोर ठेवला. एक्झिमची सारी जुळणी पुसली जाईल या भीतीने मी तेथेच नकार दिला. त्यानंतर माझ्या हातून जी चूक झाली ती प्रांजळपणे सांगतो. एका संकेतस्थळावर वाचून मी पोस्टफिक्सची पॅकेज फाईल वेगळी उतरवून घेतली आणि ॲप्टच्या खाली काम करणाऱ्या डीपीकेजी या साधनाला 'फोर्स-कॉन्फ्लिक्ट्स' व 'फोर्स-ओव्हरराइट' हे दोन्ही पर्याय देऊन ती बसवली. इशारे बरेच आले, पण शेवटी पॅकेज बसले.

आता स्थिती अशी आहे. स्कॅनरचे मेल पूर्वीसारखेच जात आहेत, मात्र क्रॉनचा एकही अहवाल चार दिवसांत आलेला नाही. एक्झिमच्या नोंदींमध्ये त्या अहवालांचा मागमूस नाही. 'मेलक्यू' चालवले तर मेल व्यवस्था बंद असल्याचा इशारा येतो आणि त्याखाली बरेच मेल दिसतात. उलट 'सिस्टमसीटीएल स्टेटस पोस्टफिक्स' ही आज्ञा पोस्टफिक्स सुरू असल्याचे सांगते. '/व्हार/लॉग/मेल.लॉग' ही फाईलच अस्तित्वात नाही. आणि ॲप्टला कोणतेही नवे पॅकेज मागितले की ते अवलंबित्वे बिघडल्याचे सांगून 'फिक्स-ब्रोकन' चालवा असे सुचवते.

एकही मेल न गमावता यातून बाहेर कसे पडावे, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न थोडा तात्त्विक आहे. अपाची आणि एन्जिनएक्स हे दोन वेब सर्व्हर एकाच यंत्रावर बिनतक्रार बसतात, मग दोन मेल सर्व्हरांनाच एकमेकांचे इतके वावडे का?

जुना_प्रशासक यांचे उत्तर

सर्वप्रथम एक विनंती: 'फिक्स-ब्रोकन' अद्याप चालवू नका. ॲप्टच्या दृष्टीने हा पेच सुटण्याच्या दोन वाटा आहेत, एक्झिम काढणे किंवा पोस्टफिक्स काढणे, आणि त्यांपैकी कोणती वाट ते निवडील याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा निर्णय आपण स्वतः त्याला सांगावा हे बरे.

आपला दुसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर कळले की आपली लक्षणे आपोआप उलगडतात. अपाची आणि एन्जिनएक्स यांचे भांडण केवळ पोर्ट ८० वरून होते, आणि तेही दोघे एकदम सुरू केले तरच. मेल सर्व्हरांचे भांडण पोर्टच्या आधी नावावरून सुरू होते. सेंडमेल हा कार्यक्रम १९८३ साली बर्कलीच्या बीएसडी युनिक्ससोबत आला आणि पुढे इतका रुळला, की मेल पाठवू इच्छिणारा प्रत्येक कार्यक्रम '/यूएसआर/एसबिन/सेंडमेल' या पत्त्यावरील आज्ञेला हाक मारू लागला. क्रॉन तेच करतो आणि पीएचपीमधील मेल पाठवणारे फंक्शनही तेच करते. १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझेल यांनी एक्झिम लिहिले, १९९८ च्या अखेरीस आयबीएमच्या संशोधन केंद्रातून वीत्सा वेनेमा यांचे पोस्टफिक्स बाहेर आले, आणि या दोन्ही कार्यक्रमांना सेंडमेलची जागा घ्यायची असल्यामुळे दोघांनीही त्याच नावाची आज्ञा आपापल्या पॅकेजमध्ये ठेवली. 'मेलक्यू' आणि 'न्यूअलायसेस' या आज्ञांचेही तसेच. घरे दोन आणि दारावरची पाटी एकच, अशी ही अडचण आहे.

डेबियनने तिच्यावर काढलेला तोडगा असा: 'मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट' नावाचे एक आभासी पॅकेज मानायचे. प्रत्येक मेल सर्व्हरने आपण ते पुरवतो असे जाहीर करायचे, आणि त्याच वेळी त्याच आभासी पॅकेजशी आपला संघर्ष आहे व आपण त्याची जागा घेतो असेही जाहीर करायचे. कोणतेही पॅकेज स्वतःशी संघर्षात धरले जात नाही, त्यामुळे या तिहेरी घोषणेचा परिणाम इतकाच होतो की एका वेळी एकच मेल सर्व्हर बसू शकतो. डेबियनच्या धोरणपुस्तिकेत या रचनेचे उदाहरण म्हणून मेल सर्व्हरच दिलेले आहेत. तेव्हा ॲप्टने आपल्यासमोर ठेवलेला प्रस्ताव हा बिघाड नव्हता, एकाला आत घेऊन दुसऱ्याला बाहेर काढण्याचा तो योग्य मार्गच होता. शिवाय काढणे आणि निपटून टाकणे या डीपीकेजीच्या लेखी दोन वेगळ्या क्रिया आहेत. नुसते 'रिमूव्ह' केल्यास '/ईटीसी/एक्झिम४' मधील आपली सर्व जुळणी जागच्या जागी राहते, ती जाते 'पर्ज' केल्यावर. आपली भीती अनाठायी होती, पण ती अनेकांना वाटते.

आता आपल्या यंत्रावर काय झाले ते पाहू. जबरदस्तीने बसवताना 'सेंडमेल' आणि 'मेलक्यू' या नावांच्या फायलींवर पोस्टफिक्सच्या फायली चढल्या. मात्र एक्झिमचा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत सतत चालणारा कार्यक्रम, आधीपासून चालू होता, त्याला कोणी थांबवले नाही, आणि पोर्ट २५ त्याच्याच ताब्यात राहिले. म्हणजे नाव पोस्टफिक्सकडे गेले आणि पोर्ट एक्झिमकडे राहिले. स्कॅनर पोर्टवर येतात, म्हणून त्यांचे मेल एक्झिमला मिळतात आणि पुढे जातात. क्रॉन नावाने हाक मारतो, म्हणून त्याचे अहवाल पोस्टफिक्सच्या सेंडमेलला मिळतात. हे सेंडमेल 'पोस्टड्रॉप' नावाच्या लहान कार्यक्रमाकरवी मेल '/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/मेलड्रॉप' या निर्देशिकेत टाकून मोकळे होते, आणि पोस्टफिक्स स्वतः चालू नसले तरीही ते हे काम बिनबोभाट करते. आपले चार दिवसांचे अहवाल तेथे सुरक्षित पडून आहेत. 'मेलक्यू'खाली आपल्याला दिसलेले मेल तेच.

पोस्टफिक्स चालू असल्याचे सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) सांगते, त्याचे कारण डेबियनमधील एक जुनी खोच आहे. तेथे 'पोस्टफिक्स.सर्व्हिस' हे नुसते आवरण आहे. ते काहीही न करता यशस्वी ठरते, आणि नीट पाहिल्यास त्याच्या पुढे 'ॲक्टिव्ह' या शब्दानंतर कंसात 'एक्झिटेड' असे लिहिलेले आढळेल. खरी सेवा 'पोस्टफिक्स@-' या विचित्र नावाची आहे. तिची स्थिती विचारा, ती पोर्ट २५ आधीच व्यापलेले असल्यामुळे कोसळलेली दिसेल. मेल.लॉग न सापडण्याचे कारणही साधेच आहे: डेबियन १२ पासून अशा नोंदी फायलींत लिहिणारे आरसिसलॉग मूळ स्थापनेत येत नाही. पोस्टफिक्सच्या नोंदी 'जर्नलसीटीएल'मध्ये पाहाव्या लागतात, तर एक्झिम आपल्या नोंदी स्वतःच '/व्हार/लॉग/एक्झिम४' मध्ये लिहीत असते.

सोडवणुकीकडे वळू. '/ईटीसी/एक्झिम४', '/ईटीसी/पोस्टफिक्स', '/ईटीसी/अलायसेस', '/ईटीसी/मेलनेम' आणि '/व्हार/स्पूल'मधील दोन्ही रांगा यांची एक प्रत आधी बाजूला काढा. नंतर 'डीपीकेजी -एल'ची यादी मेल सर्व्हरांच्या नावांपुरती पाहा. दोन्ही पॅकेजांपुढे 'आयआय' असेल, तर ती पूर्ण बसलेली आहेत आणि भांडण केवळ घोषित संघर्षाचे उरले आहे.

यानंतर कार्यालयात अर्धा तास स्कॅनर वापरू नका असे सांगून ठेवा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. बाहेरचा कोणताही नीट चालणारा मेल सर्व्हर आपले पोर्ट बंद दिसले तर मेल आपल्याकडे ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ या मेल देवाणघेवाणीच्या मानकानुसार तर हार मानण्यापूर्वी साधारण चार-पाच दिवस त्याने थांबावे अशी अपेक्षा आहे. स्कॅनरला रांग नसते. एकदा जोडणी नाकारली गेली की तो पडद्यावर चूक दाखवतो आणि विसरतो, मग कागद पुन्हा घालावे लागतात.

स्कॅनर थांबले की एक्झिमची सेवा थांबवा आणि त्याची रांग रिकामी करा. येथे 'मेलक्यू' वापरू नका, कारण ते नाव आता पोस्टफिक्सचे आहे आणि ते एक्झिमच्या रांगेकडे ढुंकूनही पाहणार नाही. 'एक्झिम४ -बीपी' ही आज्ञा रांग दाखवते आणि 'एक्झिम४ -क्यूएफएफ' ही आज्ञा गोठवलेल्या (पाठवता न आल्याने बाजूला ठेवलेल्या) मेलांसह प्रत्येक मेल पाठवण्याचा प्रयत्न करते. डीमन बंद असला तरी दोन्ही चालतात. दोन सर्व्हरांच्या रांगांच्या फायलींची घडण पूर्णपणे वेगळी आहे, त्यामुळे एकीतले मेल उचलून दुसरीत टाकता येत नाहीत. जुन्या सर्व्हरने आपली रांग स्वतःच संपवणे हाच मार्ग.

मग ॲप्टला एकाच व्यवहारात दोन्ही निर्णय द्या: पोस्टफिक्स हवे, आणि एक्झिमची पॅकेजे नकोत. 'इन्स्टॉल'च्या यादीत ज्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी वजा चिन्ह लावाल ते ॲप्ट काढून टाकते. हीच आज्ञा आधी '-एस' लावून नुसती आजमावून पाहा, आणि काढायच्या यादीत एक्झिमखेरीज दुसरे काही आलेले नाही ना हे वाचा. ते समाधानकारक असेल तरच खरी आज्ञा द्या. एक्झिम गेल्यानंतर पोस्टफिक्स 'रीइन्स्टॉल' करून घ्या. ज्या फायलींवर दोन पॅकेजांनी हक्क सांगितला होता त्यांपैकी कोणती शिल्लक राहिली याचा तर्क करण्यापेक्षा त्या ताज्या मांडून घेणे स्वस्त पडते. शेवटी 'डीपीकेजी -एस' ला मोठ्या अक्षरातील एस देऊन सेंडमेलच्या फाईलचा मालक कोण हे विचारा. उत्तर 'पोस्टफिक्स' असेच यायला हवे.

पोस्टफिक्स सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. एक्झिम '/ईटीसी/अलायसेस' ही मजकूर फाईल थेट वाचते, पोस्टफिक्स मात्र तिच्यापासून तयार केलेला डेटाबेस वाचते. म्हणून 'न्यूअलायसेस' एकदा चालवा, नाहीतर रूटच्या नावाचे अहवाल आपल्यापर्यंत येण्याऐवजी अडकतील. ज्या जाळ्यांचे मेल पुढे धाडायचे त्यांच्या 'मायनेटवर्क्स' या यादीमध्ये स्कॅनरांचे जाळे घाला. आणि बाहेरील मेल सेवेचा पासवर्ड, जो एक्झिमसाठी 'पासवर्ड.क्लायंट' या फाईलमध्ये होता, तो पोस्टफिक्सच्या पद्धतीने वेगळ्या फाईलमध्ये लिहून तिच्यावर 'पोस्टमॅप' चालवा. एक्झिमच्या फाईलमध्ये यजमान, नाव आणि पासवर्ड हे तिन्ही अपूर्णविरामांनी जोडलेले असतात, तर पोस्टफिक्समध्ये यजमानानंतर मोकळी जागा आणि त्यापुढे नाव-पासवर्डची जोडी असते. जशीच्या तशी नक्कल केली तर चालणार नाही. 'एसएमटीपी_एसएएसएल_सिक्युरिटी_ऑप्शन्स'चे मूळ मूल्य साध्या पासवर्डाला मनाई करते, तेथे केवळ 'नोॲनॉनिमस' ठेवावे लागेल. तसेच 'लिबएसएएसएल२-मॉड्यूल्स' हे पॅकेज बसलेले आहे याची खात्री करा.

पोस्टफिक्स सुरू होताच मेलड्रॉपमधील चार दिवसांचे सर्व अहवाल एकदम निघतील. बाहेरील सेवेची दर तासाची मर्यादा फारच कडक असेल, तर जुने अनावश्यक अहवाल 'पोस्टसुपर'ने आधीच काढून टाकणे शहाणपणाचे ठरेल.

लालटोपी यांचे उत्तर

वरील उत्तर डेबियन आणि उबुंटूपुरते बरोबर आहे. जे वाचक रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स, अल्मा किंवा रॉकी चालवतात त्यांच्यासाठी थोडे वेगळे चित्र मांडतो. या घराण्यात सेंडमेल, पोस्टफिक्स आणि एक्झिम ही पॅकेजे एकत्र बसू शकतात, कारण '/यूएसआर/एसबिन/सेंडमेल' हे नाव कोणत्याच पॅकेजचे थेट मालकीचे नसते. प्रत्येक पॅकेज आपली फाईल 'सेंडमेल.पोस्टफिक्स' अशा वेगळ्या नावाने ठेवते, आणि मूळ नाव हा 'अल्टरनेटिव्ह्ज' व्यवस्थेने सांभाळलेला एक दुवा असतो. 'अल्टरनेटिव्ह्ज --डिस्प्ले एमटीए' (एमटीए म्हणजे मेल सर्व्हर) असे विचारले की तो दुवा सध्या कोणाकडे आहे ते कळते, आणि 'कॉन्फिग' पर्यायाने तो फिरवता येतो. 'मेलक्यू' आणि 'न्यूअलायसेस' हे दुवे त्याच्या मागोमाग आपोआप फिरतात. रेड हॅटने २०१० मधील सहाव्या आवृत्तीत मूळ मेल सर्व्हर म्हणून सेंडमेलऐवजी पोस्टफिक्स स्वीकारले, तेव्हा जुन्या यंत्रांवर दोन्ही शेजारी ठेवून एकेक सेवा हलवणे याच व्यवस्थेमुळे सोपे गेले.

मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते, आणि ती आपल्या प्रश्नाशी थेट जुळणारी आहे. अल्टरनेटिव्ह्ज केवळ नाव फिरवते, सेवा फिरवत नाही. दुवा पोस्टफिक्सकडे आणि सुरू असलेली सेवा सेंडमेल, ही अवस्था तेथे कोणतीही जबरदस्ती न करता, एकही इशारा न येता उद्भवू शकते. कारकून४२ यांच्या यंत्रावर जी फाळणी नियम मोडून झाली, ती आमच्याकडे नियम पाळूनही होते. म्हणून दुवा फिरवला की जुनी सेवा 'डिसेबल' करणे, नवी 'एनेबल' करणे आणि 'एसएस' या आज्ञेने पोर्ट २५ वर कोण ऐकत आहे हे पाहणे, या तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत उरकाव्यात.

जुना_प्रशासक

लालटोपी यांच्या या शेवटच्या परिच्छेदामुळेच मला डेबियनची पद्धत अधिक पसंत आहे. अल्टरनेटिव्ह्ज व्यवस्था डेबियनमध्येही आहे आणि संपादक किंवा पेजर यांच्यासाठी ती उत्तम चालते, कारण संपादकाला रांग नसते आणि पोर्टही नसते. मेल सर्व्हर हा नुसता कार्यक्रम नसून त्याच्या पोटात इतरांचे मेल असतात, तेव्हा त्याला बदलताना व्यवस्थेने थोडे अडवावे हे मला गैर वाटत नाही. अर्थात, शेकडो यंत्रे टप्प्याटप्प्याने हलवणाऱ्याचे मत वेगळे असू शकते.

कमीतकमी यांचे उत्तर

आपल्या यंत्रावर स्कॅनर मेल टाकतात, त्यामुळे आपल्याला पोर्ट २५ वर ऐकणारा पूर्ण मेल सर्व्हर लागणारच, यात वाद नाही. पण हा धागा वाचणाऱ्या पुष्कळांना केवळ क्रॉनचे अहवाल बाहेर पाठवायचे असतील, आणि त्यांनी एक्झिम की पोस्टफिक्स या वादात पडूच नये असे मला वाटते. 'नलमेलर' आणि 'डीएमए' ही लहान पॅकेजे सेंडमेलचे नाव पुरवतात, आपली रांग ठेवतात आणि कोणतेही पोर्ट उघडत नाहीत. 'एमएसएमटीपी' त्याहूनही लहान आहे, परंतु त्याला रांग नाही: पुढचा सर्व्हर त्या क्षणी बंद असेल तर तो अहवाल गेला. त्याची मांडणी मात्र पाहण्यासारखी आहे. 'एमएसएमटीपी' हे मूळ पॅकेज कोणाशीही भांडत नाही आणि पोस्टफिक्सच्या शेजारी सुखाने राहते. सेंडमेलच्या नावावर हक्क सांगण्याचे काम 'एमएसएमटीपी-एमटीए' नावाच्या चिमुकल्या वेगळ्या पॅकेजकडे दिलेले आहे, आणि संघर्ष फक्त तेच जाहीर करते.

दुसरी गोष्ट अशी की डेबियनमध्ये एक्झिम बहुतेकांनी मागून घेतलेले नसते, ते मागच्या दाराने येते. 'एमडीएडीएम' किंवा 'ॲट' यांसारखी पॅकेजे एखादा मेल सर्व्हर असावा अशी शिफारस करतात. आधी कोणताही बसलेला नसेल तर ॲप्ट 'डिफॉल्ट-एमटीए'कडे वळते. हे नाव डेबियनमध्ये एक्झिमकडे आहे आणि उबुंटूमध्ये पोस्टफिक्सकडे. म्हणून एकच आज्ञावली दोन्हींवर चालवणाऱ्याच्या यंत्रांवर दोन वेगळे मेल सर्व्हर उगवतात आणि तो चक्रावतो. उपाय दोन आहेत: हवा तो मेल सर्व्हर सर्वांत आधी बसवावा, किंवा 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' हा पर्याय द्यावा. जून २०१९ मध्ये एक्झिमच्या ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांमधील गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा आपल्या यंत्रावर एक्झिम आहे हेच ठाऊक नसलेले प्रशासक मी पाहिले आहेत. डेबियनचे एक्झिम मुळात केवळ यंत्राच्या आतच ऐकते, हे त्यांचे सुदैव.

नवखा_पण_उत्सुक

'इक्विव्ह्ज' वापरून मेल सर्व्हरचे बनावट पॅकेज तयार केले, तर ॲप्टचे समाधान होईल आणि दोन्ही सर्व्हर ठेवता येतील, असे मी वाचले आहे. हा मार्ग येथे चालणार नाही का?

जुना_प्रशासक

नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इक्विव्ह्जने बनवलेले रिकामे पॅकेज 'मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट' पुरवल्याचा दावा करते. जेव्हा आपण एखादा मेल सर्व्हर मूळ स्रोतापासून स्वतः बांधून बसवलेला असतो आणि डीपीकेजीला त्याची वार्ता नसते, तेव्हा इतर पॅकेजांची गरज भागवण्यासाठी हे साधन आहे. ते अवलंबित्व भागवते, संघर्ष मिटवत नाही. पोस्टफिक्स बसलेले असताना असे पॅकेज आणले तर पोस्टफिक्सचा त्याच्याशीही तसाच संघर्ष होईल, म्हणजे दोनाचे तीन झाले.

दोन मेल सर्व्हर खरोखरच हवे असतील, उदाहरणार्थ आत येणारे मेल एका नियमाने आणि बाहेर जाणारे दुसऱ्या नियमाने हाताळायचे असतील, तर त्यासाठी दोन पॅकेजांची गरज नाही. पोस्टफिक्सच्या २.६ या आवृत्तीपासून 'पोस्टमल्टी' आहे. त्याद्वारे एकाच पॅकेजमधून वेगळी जुळणी, वेगळी रांग आणि वेगळा पत्ता असलेल्या अनेक प्रती चालवता येतात. दोन भिन्न सर्व्हरच हवे असतील तर दुसरा कंटेनरमध्ये ठेवावा. तेथे फायलींचा प्रश्न मिटतो, परंतु कंटेनरचे पोर्ट २५ यजमान यंत्रावर उघडायचे झाल्यास भांडण पुन्हा उभे राहते, आणि यावेळी पॅकेज व्यवस्थेला त्याचा पत्ताही नसल्यामुळे इशारा देणारे कोणी नसते.

कारकून४२

सर्वांचा आभारी आहे. काल सायंकाळी कार्यालय बंद झाल्यावर हे काम केले. प्रती काढल्या, एक्झिम थांबवले आणि त्याची रांग पाहिली, तर तीन मेल गोठवलेले निघाले. ते तिन्ही मागच्या आठवड्यात चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या कागदपत्रांचे परतीचे संदेश होते, म्हणून ते सोडून दिले. 'पोस्टफिक्स@-' ही सेवा सांगितल्याप्रमाणे कोसळलेलीच होती, आणि जर्नलमध्ये पत्ता आधीच वापरात असल्याची तक्रार चार दिवसांपूर्वीच्या तारखेने स्पष्ट लिहिलेली होती. मी ती पाहिलीच नव्हती, कारण मी मेल.लॉग शोधत बसलो होतो.

आजमावून पाहताना ॲप्टने केवळ एक्झिमचीच पॅकेजे काढायला घेतली, म्हणून पुढे गेलो. पोस्टफिक्स सुरू होताच सत्तेचाळीस अहवाल पाठोपाठ येऊन पोहोचले. त्यांपैकी परवाच्या रात्रीच्या अहवालात बॅकअपची डिस्क भरत आल्याचा इशारा होता. तो आणखी आठवडाभर अडकून राहिला असता तर प्रकरण मेलपुरते उरले नसते.

एक अडचण सकाळी आली. पहिला स्कॅनर चालला, दुसऱ्याला मात्र पोस्टफिक्सने ४५४ हा क्रमांक देऊन मेल पुढे धाडण्यास नकार दिला. तो वरच्या मजल्यावर असून त्याचे जाळे वेगळे आहे, हे मी 'मायनेटवर्क्स' लिहिताना विसरलो होतो. एक्झिमच्या जुन्या जुळणीत दोन्ही जाळी होती, ती मी उघडून पाहिली असती तर हे टळले असते. आता दोन्ही यंत्रे चालू आहेत.

शेवटची शंका. 'डीपीकेजी -एल'मध्ये एक्झिमच्या पॅकेजांपुढे 'आरसी' असे दिसते. ते तसेच राहू द्यावे का?

जुना_प्रशासक

'आरसी'चा अर्थ पॅकेज काढलेले आहे पण त्याच्या जुळणीच्या फायली शिल्लक आहेत. आज सकाळी आपल्याला जी जुनी जुळणी पाहायची होती ती याच अवस्थेमुळे हाताशी होती, म्हणून आठ-दहा दिवस ती असू द्या. महिनाअखेरीची कामे एकदा सुरळीत पार पडली की 'पर्ज' करा. एक्झिमच्या रांगेतील न पोहोचलेले मेलही काढून टाकायचे का असा प्रश्न त्या वेळी विचारला जाईल, आणि ते तीन संदेश नकोच असल्यामुळे आपण होकार देऊ शकता. त्याहून जास्त काळ मात्र ठेवू नका, कारण '/ईटीसी/एक्झिम४' मधील 'पासवर्ड.क्लायंट'मध्ये आपल्या मेल सेवेचा पासवर्ड अजून साध्या अक्षरांत पडलेला आहे. बाजूला काढलेल्या प्रतीतही तो आहे.